कडेची पात

खुरपणीला बसलं की प्रत्येक बाईला तिची पात लावून द्यावी लागते. पात म्हणजे तिच्या पुढ्यातला रानाचा पट्टा. हात पोचेल एवढा रुंद, आणि या बांधापासून त्या बांधापर्यंत लांब. आमच्या वारूळवाडीच्या टोळीत अकरा बाया. कुणाला कुठली पात, ते मी ठरवते. पिकअपमधून उतरलं की मी बोट दाखवते आणि बाया बसतात. जिला पटत नाही तिने दुसरी टोळी बघावी. बत्तीस वर्षांत कुणी बघितली नाही.

कडेची पात मात्र मी देत नाही. ती मागायची असते. हा आमच्या टोळीचा कायदा, माझ्या सासूने घातलेला. घरी भांडण झालंय, कुणी गेलंय, शेतमालक काही लागट बोललाय, नाहीतर नुसताच जीव कावलाय, त्या बाईने सकाळी एवढंच म्हणायचं, "आज मला कडंची." मग दिवसभर तिच्याशी कुणी बोलायचं नाही, तिची चेष्टा करायची नाही, आणि काय झालं म्हणून विचारायचं तर मुळीच नाही. तिने बांधाला लागून बसावं, खाली मान घालून खुरपावं, गवताला शिव्या द्याव्यात, रडू आलं तर रडावं. मागे पडली तर शेजारणीने गुपचूप तिच्या पातीतलं चार हात गवत काढून द्यावं. दुसऱ्या दिवशी ती आपोआप मधे येऊन बसते.

माझ्या सुनेचं, निर्मलाचं, तिसऱ्या महिन्यात पोटातलं गेलं, तेव्हा ती आठ दिवस कडेला होती. साळुबाईच्या पोरीची सुपारी मोडली तेव्हा तिने कडेची पात घेतली खरी, पण दहाच्या चहाला उठून आली. म्हणाली, "आक्का, न बोलता मला ढेकर येत्यात." अशी ती बया.

या कायद्याचा मला लई अभिमान होता. शिकलेल्या लोकांच्या हापिसात भांडणं होतात, माणसं राजीनामे देतात, गोळ्या खातात म्हणे. आमच्या टोळीत बत्तीस वर्षांत एक बाई रुसून गेलेली नाही.

चिमाबाई टोळीत बावीस वर्षं होती. घर मेंढपाळांचं, वस्ती आमच्या मळ्याच्या पलीकडे. नवरा यमाजी मेंढरं हिंडवायचा, ही आमच्यात मजुरीला यायची. ती हसली की पलीकडच्या रानातले लोक माना वर करून बघायचे. माझ्या तोंडाला तोंड देणारी तेवढी एकच. मी म्हणायची, "चिमे, खुरपं चालव, तोंड न्हाई." ती म्हणायची, "आक्का, तुजं तोंड बंद पडलं की माजं पडंल, एकाच मोटरीवर हायेत दोनी." असं आमचं.

दिवाळीच्या आधी यमाजीने मेंढरं विकली. साठ मेंढरं, दोन एडके. वस्तीवर टेम्पो लागला आणि दुपारपर्यंत मेंढरं कोंडायचं वाडगं मोकळं झालं. चरायला रान राहिलं नाही, त्यात वाघाने वर्षभरात सात कोकरं नेली होती. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. पोरगा भैरवनाथ चाकणला कंपनीत, त्याला मेंढरांचं काही पडलेलं नव्हतं.

दिवाळी झाली, कांद्याची लागण झाली, खुरपणी सुरू झाली. पहिल्याच दिवशी चिमा म्हणाली, "आक्का, आज कडंची दे."

मी काही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? जन्म मेंढरांत गेला होता तिचा.

दुसऱ्या दिवशीही कडेची. चौथ्या दिवशीही. आठ झाले, पंधरा झाले. बाया कुजबुजायला लागल्या. साळुबाई म्हणाली, "मेंढरांपायी येवढं? आमचा सासरा गेला तवा म्या येवढं न्हाई केलं."

"तू काय करशील? तुजा सासरा मेंढरायेवढा गुणाचा व्हता का?" मी म्हणाले. सगळ्या हसल्या, साळुबाईही हसली आणि विषय मिटला. चिमाच्या वतीने मी अशी भांडायची. मला वाटायचं, मी तिला सांभाळतेय.

आता एक सांगायला हवं. शेतमालक दादाभाऊंच्या ज्या रानात आम्ही होतो, त्याच्या बांधापलीकडे ऊस. उसात वाघ असतो. खाली वाकून बसलेली बाई त्याला शेळीएवढी दिसते, असं फॉरेस्टचे लोक सांगून गेलेत. म्हणून कडेला बसणारीच्या शेजारची पात मी स्वतः घेते. खुरप्याबरोबर एक काठी ठेवते आणि डोळा उसावर. म्हणजे महिनाभर चिमाच्या सगळ्यात जवळ मीच होते. दीड हातावर. आणि महिनाभर मी उसाकडे बघत होते.

तरी काही काही दिसलंच. ती डावा हात कमरेशी धरून एकाच हाताने खुरपायची. मी म्हटलं, दुःखात माणूस असंच हातपाय आवळून बसतं. ती मागे पडायची, मी तिच्या पातीत हात घालायची. शेवटी शेवटी अर्धी पात तिची आणि दीड माझी होत होती. मी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही.

आम्ही रानात साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतो, उन्हाला, काटाकुसळाला. चिमा यमाजीचा घालायची. एक दिवस शर्टाच्या डाव्या खिशापाशी पिवळा डाग दिसला. हळदीचा. त्यांच्या घरात बिरोबाची भक्ती, भंडाऱ्याची पुडी सदा जवळ असते. मला राहवलं नाही, कायदा मोडून बोलले, "चिमे, खिशात देवाची पुडी फुटली बग."

तिने खाली बघितलं. डागावर हात ठेवला. "व्हय," म्हणाली, "देवाचाच हाय त्यो."

दुसऱ्या दिवशी डाग मोठा होता. मी मनात म्हटलं, मेंढरं परत यावीत म्हणून नवस बोलली असेल. तिच्या अंगाला वास यायला लागला होता, तोही मला मेंढरांचाच वाटला. वाडगं मोकळं झालं तरी वास कसा जात नाही, असं मी निर्मलाला घरी बोलले. निर्मला म्हणाली, "आत्या, त्यो वास मेंढरांचा न्हाई वाटत मला."

"तू कदी मेंढरं राखलीस?" मी म्हणाले. माझ्यापुढे ती गप्पच बसते.

त्याच आठवड्यात ती ट्रेनिंगवाली मॅडम आली. दादाभाऊंची द्राक्षं बाहेरच्या देशात जातात. तिकडच्या लोकांना मजुरांची काळजी, त्यामुळे वर्षाला एक ट्रेनिंग होतं. एकदा हात कसे धुवायचे ते झालं, एकदा औषध मारताना तोंड कसं बांधायचं ते. यंदा कामावरचा ताण आणि राग. मॅडमचं नाव वृषाली. पुण्याहून नारायणगावच्या स्टँडवर उतरून जीपने आली होती. पोरगी गोड होती, माझ्या नातीएवढी. शेडमध्ये आम्हाला पालथ्या क्रेटवर बसवलं आणि विचारलं, "मावशी, कामावर राग आला, वाईट वाटलं, तर तुम्ही काय करता?"

"नवऱ्याच्या भाजीत मीठ जास्त घालते," साळुबाई म्हणाली.

"आणि तो काय करतो?"

"खातो गप. त्याला वाटतं आज येगळी भाजी हाय."

मॅडमसुद्धा हसली. मग तिने श्वास घ्यायला लावला, डोळे मिटायला लावले. दोघी घोरायला लागल्या. मी म्हणाले, "मॅडम, आमाला ह्ये लागत न्हाई. आमच्यात कडंची पात हाय." आणि सगळा कायदा समजावून सांगितला. तिने वहीत लिहून घेतला. "फारच छान," म्हणाली. माझी मान अशी ताठ झाली.

पण ती तेवढ्यावर थांबली नाही. म्हणाली, "आता समोरासमोर दोघी दोघी बसा. एकमेकींचा हात धरा. एकीने मनातलं सांगायचं, एक मिनिट. दुसरीने फक्त ऐकायचं. मधे बोलायचं नाही."

माझ्यासमोर चिमा आली. तिने उजव्या हाताने माझा हात धरला. हात तापलेला होता. ती माझ्याकडे बघत राहिली, खालचा ओठ जरा हलला.

"आक्का," ती म्हणाली, "मला ना..."

मला तो हात, ते बघणं, ती शांतता सोसेना. एवढ्या बायांपुढे कुणी माझ्याशी असं बोलायला लागलं की मला कसंतरीच होतं. मी मोठ्याने म्हणाले, "मॅडम, हिचं मला पाठ हाय. साठ मेंढरं, दोन एडके आन येक कुत्रं. येका मिंटात मावायचं न्हाई, चार दिवस लागत्याल!"

सगळं शेड हसलं. चिमाही हसली, महिन्याने पहिल्यांदा, तसंच मोठ्याने. हसत हसत तिने माझा हात सोडला. मला वाटलं, बघा, मी हिला हसवलं. मॅडमला जमलं नसतं.

त्यानंतर बारा दिवस गेले. ते मी नंतर मोजले, तेव्हा नाही.

तेराव्या दिवशी, ऊन डोक्यावर आलं होतं आणि आम्ही रानाच्या मध्यावर होतो, तोच उसात खसफस झाली. मी काठी उचलून ओरडले, "उठा गं!" बाया खुरपी टाकून पळाल्या. मी वळून बघते तर चिमा तिथेच. उजवा हात जमिनीला टेकून उठायची धडपड करत होती. मी तिला डावा दंड धरून वर ओढली.

ती जी किंचाळली, तसा आवाज मी बाईमाणसाचा ऐकला नव्हता. मोटरीजवळचे गडी धावत आले. उसातून डुकरीण निघाली, मागे चार पिल्लं, आणि ती ओढ्याकडे निघून गेली. तिच्याकडे कुणी बघितलंही नाही.

मी चिमाला मोटरीच्या खोलीमागे नेली. "शर्ट काढ," म्हणाले. ती नको म्हणेना, हो म्हणेना. मीच गुंड्या काढल्या. आत हळदीत भिजवलेली चिंधी होती, छातीला चिकटलेली. ती सोडवली आणि मी बघितलं. ते सांगण्यासारखं नाही. एवढंच सांगते, ती हळद देवाची नव्हती.

"कदीपास्नं?"

"आखाडापास्नं. आदी बोरायेवढी गाठ व्हती. दुखत बी नव्हती."

"म्हंजे मेंढरं इकायच्या आदी?"

चिमा माझ्याकडे बघत होती, जशी मोठी माणसं लहान पोरीकडे बघतात. "आक्का, मेंढरं मीच इकाय लावली. हात वर जाईना, कोकरू उचलंना. म्हनलं, माज्या मागं त्यास्नी कोन बगणार? यमाजीला एकट्याला झेपत न्हाई."

"त्याला म्हाईत हाय?"

"न्हाई. त्यो लई भितो दवाखान्याला."

दीड महिना मी ज्या मेंढरांचं दुःख सांभाळत होते, ते तिचं दुःख नव्हतंच. मला राग आला. मला काही झालं की आधी राग येतो, मग बाकीचं. मी तिच्यावर ओरडले, "मला का न्हाई सांगितलंस? मी दीड हातावर बसत व्हते, भवाने!"

"कडंला बसल्यावर कोन सांगतं? तुजाच कायदा."

"आन शेडात? हात धरला व्हतास की माजा!"

"तवा सांगणारच व्हते." चिंधी परत जागेवर बसवत ती म्हणाली. "तू हसवलंस. मला बी लई हसू आलं. मग वाटलं, येवढं हसू येतंय, म्हंजे आपल्याला येवढं काय झालं नसंल."

टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं.

त्याच दुपारी दादाभाऊंच्या गाडीत घालून तिला नारायणगावला नेली. तिथल्या डॉक्टरणीने चिठ्ठी लिहून दिली आणि पुण्याला जा म्हणाली. भैरवनाथ चाकणहून थेट तिकडे आला. तपासण्यांत आठवडा गेला. मी रोज एसटीने जायची. शेवटच्या दिवशी डॉक्टरने भैरवनाथला आत बोलावलं, आणि तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा आईसारखा दिसत होता. म्हणाला, "हाडांत गेलंय. चार महिन्यांपूर्वी आनलं असतं तर, म्हनाले."

यमाजी बाकावर बसला होता, त्याला अजून काही कळलं नव्हतं. भैरवनाथ माझ्याकडे वळला.

"आक्का, तुमी रोज शेजारी बसत व्हता ना तिच्या?"

"व्हय."

"रोज?"

"रोज, बाबा."

तो बापाशेजारी जाऊन बसला. आयुष्यात मी कुणाला उत्तर दिल्याशिवाय सोडलेलं नाही. त्या दिवशी मी पिशवी उचलली आणि एसटी गाठली.

चिमाला घरी आणली. कामावरून आलं की मी तिच्याकडे जायची. वाडग्याच्या जागेवर यमाजीने तिची खाट टाकली होती, तिला उघड्यावर बरं वाटायचं. माझ्या मनात एक वाक्य तयार असायचं. चिमे, चुकलं माझं. वाटेने चालताना मी ते घोकत यायची, शाळेतल्या पोरीसारखं. खाटेजवळ बसलं की तोंडातून भलतंच निघायचं, "काय गं, जेवलीस का न्हाई? का मीच भरवू आता तुला?"

एकदा निघालं ते. अर्धंच. "चिमे, त्या दिशी शेडात मी..."

"आक्का," ती म्हणाली, "साळुबाई कुटं बसती आता?"

"मधी."

"तिला मधी नको बसवू. दोनी बाजूंच्या बाया गप्पांत मागं पडत्यात. कडंला बसव."

तिला ते ऐकायचं नव्हतं. का, ते मला अजून कळलेलं नाही. मला हलकं होऊ द्यायचं नव्हतं, की मला वाईट वाटू नये म्हणून, कोण जाणे. मी विचारलं नाही. तेव्हाही विचारलं नाही.

फाल्गुनात, आम्ही द्राक्षाच्या तोडणीला होतो तेव्हा, यमाजीचा फोन आला. त्याला नीट सांगता येईना. "आक्का, चिमी उठंना," एवढंच तो तीनदा म्हणाला. मी कात्री खाली ठेवली आणि बायांना म्हणाले, "चला." कुणी कुठे म्हणून विचारलं नाही.

आता कडेची पात कुणी मागितली तर मी विचारते, काय झालं. बायांना ते आवडत नाही. साळुबाई म्हणाली, "आक्का, सासूचा कायदा मोडू नका. तेवढीच येक जागा व्हती बाईमाणसाला गप बसायला." तिचंही खोटं नाही. आणि मला विचारायची सवय नाही, माझं विचारणं भांडणासारखं निघतं. निर्मलाला मी एका रात्री जेवताना विचारलं, "तवा आठ दिवस कडंला व्हतीस, लई रडलीस का गं?" ती ताट तसंच ठेवून आत गेली. चार वर्षं झाली होती त्याला.

काल समृद्धीने कडेची मागितली. आमच्या भावकीतलीच सून ती, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली, चिमाच्या जागेवर टोळीत घेतलेली.

"काय झालं?" मी म्हणाले.

"काय न्हाई."

"कुटं दुखतंय का? खरं सांग."

"न्हाई ओ आक्का."

"नवरा काय बोलला? सासू?"

"काय न्हाई म्हनलं ना!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाया माझ्याकडे बघायला लागल्या, हिला कशाला छळतेय म्हणून.

मी तिला कडेची पात दिली. आणि शेजारच्या पातीत बसले नाही. तिच्याच पातीत, तिच्या अंगाला अंग लावून बसले, उसाकडे पाठ करून. एका बाईच्या जागेत दोघी. खुरपी एकमेकींना लागत होती. दादाभाऊ बांधावरून ओरडले, "आक्का, असं काय बसलाय दाटीनं? काम कसं उरकायचं?"

"उरकंल तसं उरकंल," मी म्हणाले.

दुपारपर्यंत आम्ही दोघी तशाच सरकत राहिलो. मी परत काही विचारलं नाही, म्हटलं तोंड उघडलं की माझं काहीतरी वाकडंच निघणार. ती बोलली नाही. भाकरीची वेळ झाली तरी बोलली नाही. मग एकदा तिने खुरपं थांबवलं. मीही थांबवलं.

"आक्का," ती म्हणाली, "तुमचा गुडघा लागतोय मला."

मी गुडघा जरा बाजूला घेतला आणि तिथेच बसून राहिले.